एसीतला गॅस जातो कुठे?

वाचकांचे प्रश्न : घरगुती वातानुकूलन

मार्च सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एसीच्या तक्रारी वाढतात आणि पहिल्या पावसानंतर त्यांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात ‘थंडच होत नाही’ असे लिहिणारे वाचक जूनमध्ये ‘पाणी गळते’, ‘कुबट वास येतो’ असे लिहू लागतात. आयटीआयमध्ये शीतकरण आणि वातानुकूलन हा विषय शिकवताना आणि पुढे दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करताना जे पाहिले, त्याच्या आधाराने या वेळच्या निवडक पत्रांना उत्तरे देत आहे. ‘गॅस संपला आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात कोणत्या ना कोणत्या रूपात होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : आमच्याकडे दीड टनाचा स्प्लिट एसी सहा वर्षांपासून आहे. गेली तीन वर्षे दर एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगला येणारे गृहस्थ गेज लावून ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगतात आणि गॅस भरून अडीच-तीन हजार रुपये घेतात. दोन महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. एसीत दरवर्षी गॅस भरावाच लागतो का?
– एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : नाही, भरावा लागत नाही. गोंधळ मुळात ‘गॅस’ या शब्दामुळे होतो. स्वयंपाकघरातील सिलिंडरचा गॅस जळतो आणि म्हणून संपतो. एसी चालताना त्यातील गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. त्याला शीतक म्हणतात आणि त्याचे काम हमालाचे आहे. घरातल्या कॉइलमध्ये तो खोलीची उष्णता शोषून उकळतो, कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून बाहेरच्या कॉइलकडे ढकलतो, तिथे ती उष्णता बाहेरच्या हवेत टाकून तो पुन्हा द्रव होतो आणि बारीक नळीतून दाब कमी होऊन परत घरात येतो. हा सारा मार्ग तांब्याच्या नळ्यांचा असतो आणि सर्व बाजूंनी बंद असतो. आपल्या फ्रिजमध्येही हेच घडते आणि फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरायला कोणी येत नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

मग दर एप्रिलमध्ये गेजचा, म्हणजे दाब मोजणाऱ्या मीटरचा, काटा खाली का दिसतो? एक शक्यता अर्थातच गळतीची आहे. दुसरी शक्यता मात्र फार कमी ग्राहकांना ठाऊक असते. इनडोअरची जाळी धुळीने भरली असेल, ब्लोअरच्या पात्यांवर मळाचा थर बसला असेल किंवा कॉइलच्या पत्र्यांमध्ये केस आणि धूळ अडकली असेल, तर कॉइलवरून हवा कमी जाते. शीतकाला पुरेशी उष्णता मिळत नाही, ते नीट उकळत नाही आणि त्यामुळे दाब खाली येतो. गॅस पूर्ण असतानाही हे घडते. अशा वेळी केवळ काट्याकडे पाहून गॅस भरला, तर यंत्रात नेमून दिलेल्यापेक्षा जास्त शीतक जाते आणि पुढे जाळी स्वच्छ झाल्यावर कॉम्प्रेसरवर नाहक ताण पडतो. म्हणून क्रम असा असला पाहिजे की आधी जाळी, ब्लोअर आणि दोन्ही कॉइल धुवाव्यात, एसी पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावा आणि मगच गेज लावावे. अनेक तंत्रज्ञ नेमके याच्या उलट करतात. त्यात दर वेळी लबाडी असते असे नाही, बरेचदा घाई असते.

आपल्याला घरबसल्या करता येईल अशी एक तपासणी सांगतो. साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, एसी सर्वांत कमी तापमानावर पंधरा मिनिटे चालवावा आणि इनडोअरच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथले, आणि खालून जिथून हवा बाहेर पडते तिथले तापमान मोजावे. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर गॅस कमी असल्याच्या निदानावर सहजी विश्वास ठेवू नये. दमट हवेत हा फरक थोडा कमी भरतो, ते स्वाभाविक आहे. याउलट फरक तीन-चार अंशांचाच असेल, जाळी स्वच्छ असूनही कॉइलच्या एका टोकाला बर्फ धरत असेल, किंवा आउटडोअरच्या पितळी नटांभोवती तेलकट डाग दिसत असेल, तर गळतीचा संशय रास्त आहे. शीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेल फिरत असते, म्हणून जिथून गॅस सुटतो तिथे तेलाचा डाग उरतो.

गळती ठरली, तर नुसता गॅस भरून घेऊ नये. फुटक्या हंड्यात पाणी ओतण्याचाच तो प्रकार आहे. आधी कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने गळतीची जागा शोधावी, नट सैल असेल तर फ्लेअर, म्हणजे नळीचे पसरवलेले तोंड, नव्याने करून बसवावा, नळीला छिद्र असेल तर ब्रेझिंग करावे, म्हणजे वितळलेल्या धातूने ते बुजवावे, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतील हवा आणि ओल पूर्णपणे काढावी आणि शेवटी यंत्राच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढेच शीतक वजनकाट्यावर मोजून भरावे. पट्टीवर शीतकाचे नावही असते, आर-२२, आर-४१०ए, आर-३२ किंवा आर-२९०. यांचे दाब वेगळे, कॉम्प्रेसरची तेले वेगळी आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. पुढच्या वेळी ‘वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आणला आहे का?’ एवढे दोन प्रश्न आपण दारातच विचारावेत. ज्याच्याकडे या दोन वस्तू नाहीत, त्याच्याकडून गॅसचे काम करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमचे घर वरच्या मजल्यावर असून आउटडोअर गच्चीवर आहे आणि चोरीच्या भीतीने त्याभोवती लोखंडी पिंजरा करून वर पत्रा टाकला आहे. मे महिन्यात दुपारी १ ते ५ एसी चालूनही खोली ३० अंशांच्या खाली येत नाही. कधी कधी आउटडोअर आपोआप बंद पडतो. रात्री मात्र थंडी वाजते. शेजारी म्हणतात, आउटडोअरला ओले गोणपाट बांधा. तंत्रज्ञ म्हणतात, दोन टनाचा एसी घ्या.
– एक सेवानिवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : रात्री थंडी वाजते, याचा अर्थ यंत्र धडधाकट आहे. आपण सध्या तरी नवा एसी घेऊ नये आणि गोणपाटही बांधू नये.

टन या शब्दाचा अर्थ पाहिला की दुपारची अडचण समजते. २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या मापात साधारण ३.५ किलोवॅट. पण एसीवर छापलेली ही क्षमता बाहेरची हवा ३५ अंश असताना मोजलेली असते. विदर्भातील मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा त्याच यंत्राची क्षमता दहा-पंधरा टक्क्यांनी घटते आणि त्याच वेळी भिंतींतून आत येणारी उष्णता मात्र दुपटीहून अधिक होते. कारण आत २७ आणि बाहेर ३५ असताना भिंतींच्या दोन बाजूंत ८ अंशांचा फरक असतो, बाहेर ४५ झाले की तोच १८ अंशांचा होतो. त्यात आपल्या खोलीवर दिवसभर तापलेला स्लॅब आहे, जो सूर्यास्तानंतरही काही तास उष्णता खाली सोडत राहतो.

आपल्या बाबतीत या सर्वांवर पिंजऱ्याची भर पडली आहे. आउटडोअरचा पंखा गरम हवा पुढे फेकतो; ती समोरच्या पत्र्यावर किंवा कठड्यावर आपटून मागे वळली, तर यंत्र स्वतःच टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढते. गच्चीवर ४५ अंश असताना पिंजऱ्यात ५५ अंश सहज होऊ शकतात. आर-३२ वर चालणाऱ्या एसीत शीतक ४५ अंशांना द्रव होत असेल तर दाब सुमारे २८ बार (बार हे दाबाचे माप) असतो, ६० अंशांना तोच ३९ बारच्या घरात जातो. दाब मर्यादेबाहेर गेला की सुरक्षेची यंत्रणा कॉम्प्रेसर बंद करते. आपला आउटडोअर ‘आपोआप’ बंद पडतो तो बहुधा याच कारणाने आणि तसे झाले नसते तर कॉम्प्रेसर जळाला असता.

उपाय साधे आहेत. पिंजऱ्याची पुढची बाजू पूर्ण मोकळी करावी किंवा तिथे मोठ्या चौकटींची जाळी ठेवावी, कारण पुढे निदान तीन-चार फूट काहीच आडवे नसावे. वरचा पत्रा यंत्राला चिकटून न ठेवता दोन-अडीच फूट उंच घ्यावा; सावली हवी, पण हवा अडता कामा नये. वीज मेन स्विचवरून बंद करून आउटडोअरच्या मागच्या जाळीतील धूळ हलक्या पाण्याच्या फवाऱ्याने महिन्यातून एकदा धुवावी. गोणपाटाने हवा अडते आणि सतत पाणी मारले तर त्यातील क्षार कॉइलच्या पत्र्यांवर साचून ती कायमची निकामी होते. स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात दिल्यास खोलीला जो आराम मिळतो, तो अर्धा टन वाढवूनही मिळणार नाही.

एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी नागपूरकर असल्यामुळे लिहितो. कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी चालवू नयेत. कूलर हवेत पाण्याची वाफ भरतो आणि एसी तीच वाफ पुन्हा काढण्यात आपली बरीच शक्ती घालवतो. मे महिन्यातील कोरड्या दुपारी वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर खिडकी उघडी ठेवून चालवावा आणि एसी संध्याकाळनंतर दारे-खिडक्या बंद करून लावावा. विदर्भाच्या हवेला ही विभागणी सर्वांत योग्य आहे.

प्रश्न : पाऊस सुरू झाल्यापासून इनडोअरच्या डाव्या कोपऱ्यातून भिंतीवर पाणी ओघळते. उन्हाळ्यात एक थेंबही गळला नव्हता. आत पावसाचे पाणी शिरत असेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हे पाणी पावसाचे नसून आपल्या खोलीतील हवेचे आहे. थंड कॉइलवर दमट हवेतील वाफेचे पाणी होते, ते खालच्या पन्हळीत पडते आणि निचऱ्याच्या नळीने बाहेर जाते. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत दीड टनाचा एसी तासाला दीड-दोन लिटर पाणी काढू शकतो. उन्हाळ्यात हे प्रमाण कमी होते, म्हणून अर्धवट तुंबलेली नळीही पुरत होती; आता ती पुरत नाही.

पन्हळीत धूळ आणि शेवाळ मिळून एक बुळबुळीत गोळा तयार होतो आणि तो नळीच्या तोंडाशी अडकतो. समोरचे झाकण उघडून, वीज बंद करून, पन्हळीत हळूहळू एक लिटर पाणी ओतावे आणि बाहेरच्या टोकाला ते किती वेळात येते ते पाहावे. थेंब थेंब येत असेल, तर बाहेरच्या टोकाकडून ओढून घेणारा व्हॅक्यूम लावून नळी मोकळी करावी. आतून जोराने फुंकर मारली तर गोळा पुढे सरकून दुसऱ्या वळणावर अडकतो. नळी संपूर्ण उताराची आहे का, हेही पाहावे. भिंतीबाहेर ती मध्येच वर उचललेली असेल किंवा तिचे टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडालेले असेल, तर हवा अडकून पाणी मागे येते. हे सर्व ठीक असूनही गळत असेल, तर इनडोअर भिंतीवर नळीच्या विरुद्ध बाजूला कललेला आहे का, हे पाणसळीने तपासून घ्यावे. दाराच्या पडद्यांसाठी खिळे ठोकताना इनडोअरचा पत्रा हलल्याची प्रकरणेही मी पाहिली आहेत.

पन्हळीऐवजी समोरून बर्फाचे तुकडे किंवा पाणी उडत असेल, तर मात्र तो निचऱ्याचा प्रश्न नाही. तेव्हा कॉइल गोठलेली असते. एसी बंद करून फक्त पंखा चालू ठेवावा, बर्फ वितळू द्यावा आणि जाळी धुवून पाहावी.

एसीतून निघालेले पाणी साठवून फरशी पुसायला वापरण्यास हरकत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र ते घालू नये. त्यात कॉइलवरील धूळ आणि धातूचे अंश असतात आणि त्याने बॅटरीच्या पट्ट्या खराब होतात.

प्रश्न : आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० पर्यंत उतरते. एसी लावला की इनडोअरचा पंखा चालतो, आउटडोअरमधून ‘हुम्म’ असा आवाज येतो, काही सेकंदांनी टक् असा आवाज होऊन तो थांबतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच होते. दुकानदार म्हणतात, कॉम्प्रेसर गेला. एसी जुना, इन्व्हर्टर नसलेला आहे.
– एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : कॉम्प्रेसर गेला असे म्हणण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात आणि त्याही याच क्रमाने.

पहिली गोष्ट व्होल्टेज. मोटरचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले की जोर निम्म्याच्या थोडा वर, सुमारे ६० टक्के उरतो. तेवढ्या जोरावर कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही, फक्त गुणगुणतो, तापतो आणि ओव्हरलोड हा संरक्षक स्विच त्याला बंद करतो. १४० किंवा १३० व्होल्टपासून काम करणारा चांगल्या क्षमतेचा स्टॅबिलायझर लावल्यास हा भाग सुटतो.

दुसरी गोष्ट वायर, जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मीटरपासून खोलीपर्यंत ३० मीटर अंतर असेल आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होताना खेचल्या जाणाऱ्या ४० अँपिअरच्या धक्क्याला या वायरमध्येच सुमारे २९ व्होल्ट वाया जातात. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये तेच नुकसान ११ व्होल्टवर येते. म्हणजे बारीक वायर असेल तर सुरू होताना १८० व्होल्टही यंत्रापर्यंत पोहोचत नाहीत, दीडशेच पोहोचतात. एसीची वायर मीटरपासून स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची असावी, तिला स्वतःचा एमसीबी असावा आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले असावे. प्लगची पिन काळी पडली असेल किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, तर त्याच दिवशी ते बदलावे. घरात आग लागण्याची सुरुवात अशाच ठिकाणी होते.

तिसरी गोष्ट कपॅसिटर. आउटडोअरमध्ये डब्यासारखा एक कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग, असतो, दीड टनासाठी बहुधा ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा. उष्णतेने तो फुगतो आणि त्याची क्षमता उतरते, तेव्हा आपण लिहिली आहेत तीच लक्षणे दिसतात. मीटरवर मोजून त्याच मापाचा नवा बसवला की कित्येक ‘गेलेले’ कॉम्प्रेसर सुरू होतात. हा भाग स्वस्त आहे, पण कृपा करून आपण स्वतः त्याला हात लावू नये. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युत्भार शिल्लक राहतो आणि त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर एसी, म्हणजे कॉम्प्रेसरची गती गरजेप्रमाणे बदलणारा एसी, आहे, त्यांच्या आउटडोअरमधील इलेक्ट्रॉनिक पाटीवर तर ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ साठून राहतो.

वीज जाऊन लगेच आली, तर एसी निदान तीन मिनिटे सुरू करू नये. बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचे दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो आणि त्याआधी सुरू करणे म्हणजे चढावर अडकलेल्या भरल्या बैलगाडीला तिथूनच ओढायला लावणे आहे.

प्रश्न : आम्ही खाडीजवळ राहतो. नवा एसी दीड वर्षात गळू लागला. कॉइलला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली आहेत असे सांगितले. इमारतीतील आणखी चौघांची हीच तक्रार आहे. माल निकृष्ट असेल का?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : एकाच इमारतीत वेगवेगळ्या घरी हेच घडत असेल, तर आधी हवेकडे पाहावे. खाडीच्या चिखलातून आणि सांडपाण्याच्या नाल्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. तो तांब्याला काळे करतो आणि हळूहळू खातो. इलेक्ट्रॉनिक पाटीवरील तांब्याच्या बारीक रेषाही त्यातून सुटत नाहीत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आउटडोअरचे ॲल्युमिनियमचे पत्रे पांढरे पडून भुगा होतात, तो प्रकार वेगळा. देवघरातील चांदीची निरांजने घासल्यावर आठ-पंधरा दिवसांतच काळवंडत असतील, तर आपल्या हवेत सल्फाइड आहे असे समजावे. चांदी हा त्याचा चांगला साक्षीदार आहे.

नवी कॉइल घेताना संरक्षक लेप केवळ पत्र्यांवर नसून तांब्याच्या नळ्यांवर आणि त्यांच्या वाकांवरही आहे, याची लेखी खात्री करून घ्यावी. निळा रंग दिसला म्हणजे नळी सुरक्षित झाली असे नाही. कॉइलवरील हमी किती वर्षांची आहे आणि तिच्यात गंजणे धरलेले आहे की वगळलेले, हे खरेदीपूर्वी वाचावे. खाडीकडच्या खिडक्या रात्री बंद ठेवाव्यात आणि आउटडोअर शक्यतो खाडीच्या उलट बाजूच्या भिंतीवर घ्यावा. सोसायटीने नाल्याबाबत महानगरपालिकेकडे एकत्रित अर्ज करणेही योग्य ठरेल, कारण जो वायू तांबे खातो तो आपण श्वासातही घेत असतो.

प्रश्न : एसी लावताच पहिली पाच मिनिटे घाण वास येतो. दोनदा सर्व्हिसिंग करूनही फरक नाही.
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : वास कोणता आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. ओल्या कपड्यांसारखा कुबट वास असेल, तर तो ब्लोअरवरील बुरशीचा आहे. वरवरच्या सर्व्हिसिंगमध्ये कॉइलवर पाणी मारतात, पण ब्लोअरचे लांबट चक्र बाहेर काढून धूत नाहीत. ते काढून धुवायला सांगावे. त्यानंतर एसी बंद करण्यापूर्वी रोज दहा-पंधरा मिनिटे फक्त पंख्यावर चालवावा, म्हणजे आतला भाग वाळतो.

गटारासारखा वास असेल, तर कितीही सर्व्हिसिंग केले तरी तो जाणार नाही. अशा वेळी निचऱ्याची नळी बाथरूमच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपला थेट जोडलेली असते. मोरीच्या जाळीखाली पाण्याचा जसा सापळा असतो, तसा या नळीला नसल्यामुळे गटारातील वायू तिच्यातून वर चढतो आणि एसी तो खोलीभर पसरवतो. नळी तिथून सोडवून बाहेर मोकळी करावी किंवा तिला पाण्याचा सापळा बसवावा.

प्रश्न : पावसाळ्यात एसी २२ वर ठेवला तर पांघरूण लागते आणि २६ वर ठेवला तर अंग चिकचिकते. इन्व्हर्टर एसी नवा आहे, गॅस कमी असेल का?
– एक दांपत्य, रत्नागिरी

उत्तर : गॅस कमी असता तर २२ वर पांघरूण लागले नसते. आपल्याला त्रास आहे तो तापमानाचा नसून ओलाव्याचा आहे. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी जे यंत्र आखले, ज्याला आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानतात, तेही माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हते. दमट हवेने कागद फुगत होता आणि रंगछपाईत एक रंग दुसऱ्यावर नीट बसत नव्हता, म्हणून हवेतील ओल काढायची होती. कोकणातील जुलै महिन्यात आपल्यालाही नेमके तेच हवे असते.

इन्व्हर्टर एसी खोली हव्या त्या तापमानाला आली की संथ चालतो. त्याने वीज वाचते, पण कॉइल फारशी थंड राहत नाही, त्यामुळे तिच्यावर पाणी धरत नाही आणि ओल खोलीतच राहते. पावसाळ्यात बाहेर २७-२८ अंशच असतात, तेव्हा यंत्र बहुतेक वेळ संथच असते. म्हणून रिमोटवरील ‘ड्राय’ हा पर्याय वापरावा किंवा तापमान २५ ठेवून इनडोअरच्या पंख्याची गती सर्वांत कमी करावी. हवा कॉइलवरून सावकाश गेली की तिच्यातील पाणी जास्त निघते. सोबत छताचा पंखा एक-दोनवर ठेवावा. कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत. ओल्या साडीतील सारे पाणी शेवटी एसीलाच काढावे लागते.

तापमानाविषयी एवढेच सांगतो की १ जानेवारी २०२० पासून भारतात तारांकित एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार प्रत्येक अंश वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. ओल निघाली तर २६ अंशही पुरतात.

प्रश्न : मी आयटीआय करून एका दुकानात कामाला लागलो आहे. नायट्रोजन महाग पडतो म्हणून गळती तपासायला आमच्याकडे वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरतात. ‘आजवर काही झाले नाही’ असे वरिष्ठ सांगतात. मी काय करावे?
– एक तरुण तंत्रज्ञ, कोल्हापूर

उत्तर : या महिन्यातील सर्व पत्रांत मला तुमचे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले. नकार द्यावा. नोकरी गेली तरी नकार द्यावा.

कॉम्प्रेसरमध्ये आणि नळ्यांमध्ये तेल असते. दाबाखालील शुद्ध ऑक्सिजन तेलाला भेटला की पेटायला ठिणगीही लागत नाही. कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. आजवर झाले नाही, याचा अर्थ त्या नळ्यांत त्या दिवशी तेल आणि दाब यांचा मेळ बसला नाही, एवढाच. कोरडा नायट्रोजन कशाशीही असा पेट घेत नाही, म्हणून तोच वापरतात आणि तोही रेग्युलेटर लावूनच, थेट सिलिंडरवरून कधीही नाही.

याच जातीची दुसरी चूक एसी काढताना होते. गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेताना, ज्याला आपण पंप डाऊन म्हणतो, जाड नळीचा नट सैल असेल किंवा गळती असेल, तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो. हवा आणि तेलाची वाफ दाबली गेली की डिझेल इंजिनात होते तसेच होते, पण इथे तो स्फोट सहन करायला इंजिनाची भिंत नसते. गळती असलेल्या यंत्रावर पंप डाऊन करू नये, काट्याकडे पाहत राहावे आणि दाब शून्याजवळ येताच कॉम्प्रेसर बंद करून मगच नळ्या सोडवाव्यात. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० तर प्रोपेनच आहे, तेव्हा ब्रेझिंगपूर्वी यंत्र रिकामे करून नायट्रोजन फिरवावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नको असलेला गॅस हवेत सोडू नये, रिकव्हरी सिलिंडरमध्ये घ्यावा. आर-४१०ए एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो दोन हजार किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो.

बाहेरच्या भिंतीवर उतरताना पट्टा बांधावा आणि तो आउटडोअरच्या स्टँडला न बांधता इमारतीच्या पक्क्या भागाला बांधावा, कारण पावसाने गंजलेले स्टँडचे बोल्ट बाहेरून ठीक दिसतात. घरमालक घाई करत असतील, तर त्यांना हे पत्र दाखवावे. ज्या वाचकांच्या घरी तंत्रज्ञ येतात, त्यांनीही त्याला पट्टा बांधल्याशिवाय खिडकीबाहेर पाऊल टाकू देऊ नये आणि तो बांधायला जी पाच मिनिटे लागतील, ती त्याला द्यावीत.